व्यसनमुक्तीचा फोन कोणाच्या हातात?
जालना–मंठा रस्त्यावरील वाटूर हे परतूर तालुक्यातील फाट्यावरचे गाव. अशा ठिकाणी दारू वा तंबाखू मिळवण्यासाठी फार खटपट करावी लागत नाही, मात्र ती सोडण्यासाठी उपचार घ्यायचे म्हटले की वाट लांबते. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे असून त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. जालन्यासाठी ३६५ खाटांच्या रुग्णालयाला शासनाची मंजुरी मिळाली, पण मंजुरी म्हणजे खाट नव्हे. केंद्र शासनाच्या २०१९ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींमागे जेमतेम एकीला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळतो. ही दरी मोबाइल कितपत भरून काढू शकेल, हा प्रश्न म्हणूनच गंभीरपणे विचारला पाहिजे.

त्यासाठी उपचाराचे दोन टप्पे वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. पहिला टप्पा शरीर व्यसनाच्या पदार्थापासून मोकळे करण्याचा. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास हातांना कंप सुटतो, झोप उडते, पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर काहींना भास होऊ लागतात. ही अवस्था जिवावर बेतू शकत असल्याने येथे डॉक्टर, औषधे आणि खाट यांना पर्याय नाही. दुसरा टप्पा त्यानंतरचा, महिनोन्‌महिने चालणारा. मन सावरण्याचा, आणि पुन्हा घोट घेतला गेलाच तर लगेच सावध होण्याचा. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभारलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रातून रुग्ण बरा होऊन गावी परततो, तेव्हा खरे तर हा दुसरा टप्पा सुरू होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात तो सर्वांत आधी तुटतो, कारण मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे दिवाळीनंतर कारखान्याच्या पट्ट्यात जाते, फड बदलतील तसा मुक्काम हलवते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. त्या काळात जालन्याच्या बाह्यरुग्ण विभागातली पुढची तारीख पाळणार कोण? येथे फोनचा खरा उपयोग आहे.

समुपदेशनासाठी प्रत्येक वेळी मनोविकारतज्ज्ञच हवा असेही नाही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने सामान्य शिक्षण घेतलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर चाचणी घेतली. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी घातक मद्यपानातून बाहेर पडलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के होते. हे समुपदेशन समोरासमोर झाले होते, हे विसरता कामा नये. तरीही पहिली भेट आशा कार्यकर्तीच्या ओळखीने आणि पुढच्या भेटी फोनवर, असा मेळ घालता येण्याजोगा आहे.

अडचण टॉवरची कमी आणि घराच्या रचनेची अधिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील ग्रामीण स्त्रियांपैकी स्वतः वापरत असलेला फोन ४६.६ टक्के जणींकडेच आढळला, आणि मदत मागणारा पहिला आवाज तर बहुधा बायकोचा किंवा आईचा असतो. फोन पिणाऱ्याच्याच खिशात असेल, किंवा बोलणे एका खोलीतल्या साऱ्यांना ऐकू जात असेल, तर मोफत क्रमांकही फुकटच जातो. त्यामुळे तंत्रज्ञान पोहोचले किंवा नाही हे सिमकार्डांच्या संख्येवरून ठरवणे चुकीचे आहे. उपकेंद्रात दार लावून बोलता येईल अशी एक खोली आणि तेथे ठेवलेला एक फोन अधिक उपयोगी ठरेल.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६, तर व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४४४६ आहे. दोन्ही विनाशुल्क आहेत आणि घरातील कोणीही त्यांवर विचारणा करू शकते. दारू अचानक सोडलेल्या माणसाला फिट आली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर मात्र सल्ल्याची वाट न पाहता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.