भरती येईल असें धरून

भूमितीचा प्रत्येक सिद्धांत आम्ही मुलांकडून चार पायऱ्यांनीं लिहवून घेत असूं: पक्ष, साध्य, रचना व सिद्धता. पक्ष न लिहितां जो विद्यार्थी एकदम साध्याकडे धांवे, त्याचे गुण निर्दयपणें कापीत असूं. गेल्या पावसाळ्यांत मात्र तीच चूक आमच्या हातून, आमच्याच घरांत घडली.

'दिवेलागणीच्या आंत घरीं आलेंच पाहिजे' हा आमच्या एकत्र कुटुंबांतला जुना नियम. पुतण्याचा धाकटा मुलगा पावसहून परत येत असतां वाटेंत झाड आडवें पडलें आणि तो रात्रीं नऊ वाजतां चिंब भिजून दारांत उभा राहिला. त्याचें एक अक्षर ऐकून न घेतां आम्ही सर्वांदेखत त्याच्यावर रागें भरलों. त्या रात्रीं तो जेवला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मांडवीच्या धक्क्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला. पुण्यास तो संगणकशास्त्र शिकतो. "आजोबा, तुमच्या नियमांत साध्य आहे; पक्ष नाहीं," असें हळूच म्हणून त्यानें आपल्या शास्त्रांतला एक प्रश्न आम्हांस समजावून दिला. तो वाचकांसही रुचेल असें वाटतें.

संगणकानें काय करावें हें ज्या सूचनांच्या मालिकेनें सांगतात तिला आज्ञावली म्हणतात. ती माणूस लिहितो, आणि माणूस चुकतो. त्याऐवजीं आपण नुसतें साध्य सांगावें व रचना यंत्रानेंच शोधावी, हें शक्य आहे काय? अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञानें १९५७ सालीं विद्युन्मंडलांच्या संदर्भांत हा प्रश्न विचारला. ब्यूखी व लँडवेबर यांनीं १९६९ मध्यें त्याचें होकारार्थी उत्तर दिलें. साध्य नेमकें सांगण्यास भाषा हवी. 'नेहमीं', 'केव्हां तरी', 'तोंवर' अशा कालवाचक शब्दांचें तर्कशास्त्र या कामीं लावण्याचा मार्ग आमीर प्नुएली यांनीं १९७७ मध्यें दाखविला.

समोर भाट्याच्या खाडीचें मुख होतें. तेथें वाळू सांचते, आणि राजिवड्याच्या होड्यांना भरतीची वाट पाहावी लागते. मुलानें तिकडेच बोट दाखविलें. समजा, होडी हांकणारें यंत्र करावयाचें आहे आणि साध्य असें: 'होडी मुखाशीं आली कीं केव्हां तरी ती आंत गेलीच पाहिजे.' समुद्रानें वाटेल तसें वागावें अशी मुभा ठेवली, तर तो कायम ओहोटीचाच राहील. मग कोणाचेंही कौशल्य चालणार नाहीं. यंत्र सांगेल, अशी आज्ञावलीच नाहीं. परंतु पक्षांत एकच ओळ घाला: 'भरती पुन्हां पुन्हां येत राहील.' लगेच रचना सांपडते: मुखाशीं थांबावें, पाणी चढलें कीं शिरावें.

पुण्यांत जन्मलेले व अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत अध्यापन करणारे राजीव अलूर यांनीं दोघां सहकाऱ्यांसह २०१३ मध्यें याच्याही पुढचें पाऊल टाकलें. रचना अशक्य ठरली, तर बाह्य सृष्टी आपल्याला कोणत्या डावांनीं हरविते तें तपासून कोणतें गृहीत उणें आहे तें यंत्रानेंच सुचवावें, अशी त्यांची रीति आहे.

आम्हांस न्यायशास्त्रांतली 'उपाधि' आठवली. अग्नि आहे म्हणून धूर असेलच असें नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. ओल्या सर्पणाची अट न सांगतां काढलेलें अनुमान लंगडें पडतें.

मात्र गृहीतांतही एक खोंच आहे. 'विहिरीवर पोहरा असेल तर तुळशीला पाणी घालीन' असें म्हणून कोणी पोहराच लपवून ठेविला, तर शब्द मोडला नाहीं, पण तुळस वाळली! नाचतां येईना त्याला अंगण वांकडें वाटतें. हा तर अंगण स्वतःच वांकडें करतो. यंत्रही असा कावा साधूं शकतें. म्हणून यंत्रानें कांहींही केलें तरी बाह्य सृष्टीला जें पाळतां येईल, असेंच गृहीत धरावें. होडींतल्या कोणालाही भरती अडवितां येत नाहीं. म्हणून तें गृहीत निर्दोष.

त्याच संध्याकाळीं सर्वांदेखत आम्हीं आपली चूक कबूल केली व नियम नव्यानें सांगितला: 'वाट मोकळी असेल तर दिवेलागणीच्या आंत यावें; नसेल तर निरोप धाडून सुखरूप जागीं थांबावें.' वाट अडविणें मुलाच्या हातीं नाहीं, आणि निरोप धाडणें आहे. ज्या वडीलधाऱ्यांना घरांत नियम घालावे लागतात, त्यांनीं साध्य उच्चारण्यापूर्वीं आपला पक्ष एकवार लिहून पाहावा, एवढीच आमची विनंति.