लेकरांचा मोबाईल आणि आपली नजर

दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. लेकरं आजीपाशी राहतात, सोबत एक मोबाईल राहतो. फोन देऊच नका म्हणून चालत नाही; आईचा आवाज ऐकायचा तर तोच आधार. पण आजी झोपली की त्यावर रील सुरू होतात, रात्री एक-दीडपर्यंत. सकाळी डोळे लाल, वर्गात डुलक्या. या वयात ८ ते १० तास झोप लागते. डोकेदुखीची गोळी मागायला आलेल्या पोरांना मी आधी विचारते, रात्री फोन कुठं होता?

लेकरावर नजर ठेवायच्या दोन तऱ्हा. एक बंदीची: फोन हिसकावणं, मारणं. दुसरी सोबतीची: काय बघतोस, कुणाशी बोलतेस, हे रोज सहज विचारणं. लहानग्यांना बंदी पुरते. तेरा-चौदाच्या पुढे नुसती बंदी केली, की पोरं मित्राच्या फोनवर दुसरं खातं उघडतात आणि घरात बोलायचं सोडतात.

खरा धोका इथं आहे. अनोळखी माणसानं मुलीकडं फोटो मागितला, मग धमकावलं, तर ती आईला सांगेल का? तिला ठाऊक असतं, आधी फोन जाईल, मग शाळा, मग लग्नाची बोलणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधलं बालविवाहाचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. त्यात हे नवं निमित्त. मुलाला फोन आणि मुलीवर संशय, हे बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या घरात शोभत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये ठरवलं: संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, लेकरं अभ्यासाला. नियम मोठ्यांनाही. बाप रील बघत बसला तर पोरगं पुस्तक उघडत नाही. आपल्या विहारातही वंदनेनंतर अशी वेळ धरता येईल.

टोळीवरच्या आयांनी रात्री ठरल्या वेळी फोन करावा. ‘जेवलास का’सोबत ‘आज मोबाईलवर काय पाहिलंस’ हेही विचारावं. बोलणं झालं की फोन आजीच्या उशाशी.

धमकी आलीच, तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, पैसे देऊ नका. १०९८ किंवा सायबरच्या १९३० वर फोन लावा. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदा तिच्या बाजूनं आहे. पण त्याआधी तिला जवळ घेऊन सांगा, तुझी शाळा बंद होणार नाही.