तबकडीमागची मजुरी : पेगी ली हिची ध्वनिमुद्रणे

श्रोतेहो, कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने एका अमेरिकन गायिकेच्या गाण्यांवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. संगीताचे शास्त्र मी शिकलेलो नाही. माझे शिक्षण रात्रशाळेत दहावीपर्यंत झाले आणि पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात. या विषयाकडे मला गाण्याने नेले नाही, एका संपाने नेले.

तो संप १९४२ सालचा, अमेरिकेतील वादकांचा. अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स ही त्यांची संघटना आणि जेम्स पेट्रिलो हे तिचे अध्यक्ष. त्यांची तक्रार समजायला अवघड नाही. वादक स्टुडिओत एकदा वाजवतो आणि त्या दिवसाची मजुरी घेऊन घरी जातो. त्याची तबकडी मात्र रेडिओवर आणि हॉटेलांतल्या ज्यूकबॉक्समध्ये वर्षानुवर्षे वाजत राहते, आणि जिथे पूर्वी चार वादक बसत तिथली जागा रिकामी होते. म्हणजे आपला बदली कामगार त्याने आपल्याच हातांनी तयार करून दिला! संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणाचे काम बंद केले. डेका आणि कॅपिटॉल या कंपन्यांनी १९४३ साली तडजोड केली. कोलंबिया व व्हिक्टर या बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या. अखेर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे ठरावीक रक्कम एका निधीत भरण्याचे कंपन्यांनी कबूल केले आणि त्या निधीतून बेकार वादकांना जाहीर कार्यक्रमांत काम मिळू लागले.

हे काम बंद पडण्याच्या पाच दिवस आधी, २७ जुलै १९४२ रोजी, बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाबरोबर बावीस वर्षांच्या एका मुलीने एक गाणे ध्वनिमुद्रित केले. गाण्याचे नाव 'व्हाय डोन्ट यू डू राइट', आणि मुलीचे नाव पेगी ली. बाजारात नव्या तबकड्यांचा दुष्काळ पडला असताना हे गाणे देशभर गाजले. तिची पुढली साठ वर्षे पाहिली, की संपाने विचारलेला प्रश्न तिच्या मागे शेवटपर्यंत चालत आलेला दिसतो : काम एकदा झाले, त्याचा माल पुढे जन्मभर विकला गेला, तर करणाऱ्याचा वाटा किती?

पेगी लीचे मूळ नाव नॉर्मा डेलोरिस एगस्ट्रॉम. जन्म २६ मे १९२० रोजी, नॉर्थ डाकोटातील जेम्सटाउन गावी. वडील एका लहान रेल्वेमार्गावर स्टेशनमास्तर होते. ती चार वर्षांची असताना आई वारली. फार्गो शहरातील रेडिओ केंद्रावर ती गाऊ लागली आणि तिथेच तिला हे नवे नाव मिळाले. १९४१ साली ती गुडमन यांच्याकडे नोकरीस लागली. नोकरीस हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. वाद्यवृंदाची गायिका ही त्या काळी पगारी माणूस असे. गाणे मालकाच्या नावावर निघे आणि तिचे नाव खाली बारीक अक्षरात येई.

तिचे गाणे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते की बाई गातच नाही, शेजारी बसून बोलते आहे. हा मायक्रोफोनचा गुण तिने ओळखला होता. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज यंत्राने संपवली होती. मग ओरडायचे कशाला? जॅझमध्ये ठेका अखंड चालू असतो आणि गाणारा शब्द किंचित मागे ठेवून किंवा पुढे ढकलून त्या ठेक्याशी खेळतो. आपल्याकडे ठुमरी ऐकणाऱ्याला ही गंमत सांगावी लागणार नाही. पेगी ली हा खेळ इतक्या कमी आवाजात खेळते, की ऐकणाऱ्याला कान पुढे करावा लागतो.

१९४३ साली तिने गुडमन यांच्याच वृंदातील गिटारवादक डेव्ह बार्बर यांच्याशी लग्न केले आणि दोघे मिळून गाणी रचू लागले. त्या काळी गायिकेने लोकांनी लिहिलेले गायचे, ही रीत. पेगी लीने जन्मभरात दोनशेहून अधिक गीतांच्या लेखनात हात घातला. बार्बर यांच्याबरोबर केलेले 'इट्स अ गुड डे' आजही ताजे वाटते. 'मन्याना' हे त्यांचे गाणे तर १९४८ साली नऊ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. पण त्यात आजचे काम उद्यावर ढकलणाऱ्या मेक्सिकन माणसाची थट्टा आहे, आणि ज्या वर्षी हे गाणे घरोघर वाजत होते त्याच वर्षी हजारो मेक्सिकन मजूर सरकारी कराराने आणले जाऊन अमेरिकेच्या शेतांत राबत होते. कष्टकऱ्याला आळशी म्हणणारे गाणे कितीही गोड असले तरी मला टोचते. आवडत्या गायिकेची ही बाजू झाकून ठेवणे मला जमणार नाही.

१९५२ साली ती कॅपिटॉल सोडून डेकाकडे गेली. तिथे तिने 'लव्हर' हे रॉजर्स व हार्ट यांचे संथ वॉल्ट्झ इतक्या जलद लयीत गायले, की मूळ गाणे ओळखू येऊ नये. पाठोपाठ १९५३ साली 'ब्लॅक कॉफी' ही दीर्घ मुद्रिका आली. चारच वादक, रात्रीचा एकांत आणि खालचा सूर. जॅझचे रसिक तिला आपली मानतात ते या मुद्रिकेपासून. पुढे १९५९ साली पियानोवादक जॉर्ज शिअरिंग यांच्याबरोबर तिची मुद्रिका निघाली, आणि ड्यूक एलिंग्टन यांनी 'अ‍ॅनाटमी ऑफ अ मर्डर' या चित्रपटासाठी केलेल्या चालीवर तिने शब्द बसवले. याच माणसाची तबकडी लोकप्रिय गाण्यांच्या यादीतही चढत होती. १९६९ साली निराशेच्या उंबरठ्यावर उभे असलेले 'इज दॅट ऑल देअर इज' हे गाणे तिने गायले आणि ग्रॅमी पारितोषिक मिळवले. तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती.

आता दोन करारांची गोष्ट सांगतो. खरे म्हणजे एक करार आणि एक न झालेला करार.

'फीव्हर' हे गाणे मूळचे लिटल विली जॉन या कृष्णवर्णीय गायकाचे, १९५६ सालचे. १९५८ साली पेगी लीने त्यातली बहुतेक वाद्ये काढून टाकली. उरले ते एक बास, ड्रम आणि बोटांच्या चुटक्या. शिवाय रोमिओ-ज्युलिएट आणि कॅप्टन स्मिथ-पोकाहॉन्टास यांची नवी कडवी तिने घातली. ही कडवी पुढे किती गायकांनी गायली याची गणती नाही. पण गीतकार म्हणून त्यांवर तिचे नाव लागले नाही. तिने हक्क नोंदवलाच नव्हता.

दुसरी गोष्ट तिच्याही आधीची, पण तिचा निकाल लागला फार उशिरा. १९५५ साली डिस्ने कंपनीचा 'लेडी अँड द ट्रॅम्प' हा चित्रपट निघाला. त्यातील गाणी पेगी लीने सॉनी बर्क यांच्यासह रचली होती आणि चार पात्रांना आवाजही दिला होता. आवाजाबद्दल तिला साडेतीन हजार डॉलर मिळाले. मात्र करारात एक कलम होते : जनतेला विकण्यासाठी तिच्या कामाच्या प्रती काढायच्या, तर तिची संमती हवी. हे कलम लिहिले तेव्हा लोकांच्या घरी व्हिडिओ नव्हता. १९८७ साली तो चित्रपट कॅसेटवर आला आणि लाखोंनी खपला. १९८८ साली तिने दावा लावला. कंपनीचे म्हणणे, व्हिडिओ त्या कलमात येत नाही. पण १९९१ साली तिला सुमारे तेवीस लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. वय सत्तर वर्षे.

यानंतर डेकाच्या जुन्या कलावंतांना मानधनाचा वाटा कमी दिला गेला, म्हणून युनिव्हर्सल कंपनीविरुद्ध जो सामुदायिक दावा झाला, त्यातही वादी म्हणून तिचे नाव पहिले होते. सत्तेचाळीस लाख पन्नास हजार डॉलरच्या त्या तडजोडीला जानेवारी २००२ मध्ये प्राथमिक मंजुरी मिळाली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला ती वारली. आपल्याकडे गीतकार व संगीतकार यांना सोडता न येणारा मानधनाचा वाटा कायद्याने मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीने, हेही या संदर्भात लक्षात ठेवावे.

ते कलम मला इतके का लागले, ते सांगून थांबतो. तिशीत असताना एका कारखान्यातील वेतनकरारावर मी संघटनेतर्फे सही केली. पगारवाढ चांगली होती, मिठाई वाटली. नवे यंत्र आले तर माणसांचे काय, ही ओळ मात्र मी घातली नाही. त्या वेळी यंत्र कुठे दिसतच नव्हते. दोन वर्षांनी ते आले आणि अकरा माणसे घरी बसली. त्यांतले काही अजून मला रस्त्यात भेटतात. ते बोलत नाहीत काही, मीच थांबतो.

तेव्हा घरी जाऊन 'फीव्हर' जरूर ऐका. ती नवी कडवी आली, की ती कोणी लिहिली हे शेजारी बसलेल्याला सांगा. आणि उद्या कोणत्याही कागदावर सही करताना, आज नसलेल्या यंत्रासाठी त्यात एक ओळ आहे ना, तेवढे पाहा.