उकडलेलं अंडं, पण पाण्याशिवाय

(स्वयंपाकघरातल्या विज्ञानावरील व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांची प्रश्नोत्तरं.)

मागच्या वेळी प्रेशर कुकरवर बोलून झालं आणि जिन्यात मला एक आजोबा भेटले. म्हणाले, ‘मी एकटा राहतो. डॉक्टरांनी रोज दोन अंडी खायला सांगितलीत. दोनदा असं झालं, की अंडी गॅसवर ठेवली आणि विसरलो. पाणी आटलं, अंडी फुटली, भांडं काळं ठिक्कर. आता मुलीनं एअर फ्रायर पाठवलाय. त्यात अंडी उकडता येतात म्हणते, खरं का?’ मी घाईत होतो. ‘हो, येतात की,’ म्हणालो आणि निघालो. घरी जाताना वाटलं, आपण अर्धवट उत्तर दिलं. कारण एअर फ्रायरमध्ये अंडं उकडत नाही, भाजलं जातं. हा फरक लक्षात घेतला नाही तर अंडं एक तर आत कच्चं राहणार, नाहीतर त्याचं रबर होणार. म्हणून आजचं सगळं व्याख्यान एका अंड्यावर. (हशा)

भाषेपासूनच सुरुवात करू. आपल्याकडे आच देण्याच्या प्रत्येक रीतीला वेगळं क्रियापद आहे. तळणं, परतणं, भाजणं, शेकणं, वाफवणं, उकडणं. उकडणं म्हटलं की पाणी आलंच, निदान वाफ तरी. बटाटे पातेल्यात उकडा नाहीतर कुकरमध्ये वाफेवर ठेवा, ते उकडलेलेच. मे महिन्यात मुंबईत उकडतं आणि नागपुरात ऊन भाजून काढतं. हवेतला दमटपणा या दोन शब्दांनी किती नेमका पकडलाय बघा. आता हे यंत्र. नावात फ्राय आहे, पण ते तळत नाही. आत वरच्या बाजूला विजेची कॉईल, तिच्यामागे पंखा आणि खाली भोकाभोकांची टोपली. थोडक्यात, जोरदार पंखा लावलेला छोटा ओव्हन. फ्रेड व्हान डर वेय या डच संशोधकाची ही कल्पना. फिलिप्सनं ती 2010 साली बर्लिनच्या प्रदर्शनात बाजारात आणली, ती कमी तेलात बटाट्याचे चिप्स करायला. अंडी कुणाच्या डोक्यातही नसतील.

अंड्याला काय हवं असतं? ठराविक तापमान. ते पाण्यातून आलं, वाफेतून आलं की गरम हवेतून, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अंड्यातल्या पांढऱ्यात वेगवेगळी प्रथिनं असतात. त्यांतलं एक साधारण 62 अंशांना घट्ट व्हायला लागतं. पण निम्म्याहून जास्त भाग ओव्हाल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाचा, आणि ते 80 अंशांच्या आसपास जमतं. पिवळं या दोघांच्या मध्ये: 65 ला दाट व्हायला लागतं आणि 70 च्या पुढे घट्ट. इथे निसर्गानं आपली एक सोय करून ठेवलीय. साल्मोनेलासारखे जंतू मारायलाही साधारण 71 अंश पुरतात. म्हणजे पिवळं मध्यापर्यंत घट्ट झालेलं दिसलं, तर तोच आपला थर्मामीटर. म्हाताऱ्या माणसांनी, लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी अंडं असं पूर्ण घट्ट झालेलंच खावं. वाहतं पिवळं दिसायला कितीही छान असो.

मग प्रश्न असा, की उकळतं पाणी 100 अंशांचं, एअर फ्रायरमधली हवा 130 अंशांची. तरी पाण्यात अंडं दहा-अकरा मिनिटांत होतं आणि हवेत पंधरा-सोळा मिनिटं का लागतात? उलटं व्हायला हवं ना?

याचं उत्तर तुमच्या हाताला आधीच माहीत आहे. 180 अंशांच्या ओव्हनमध्ये केक बघायला तुम्ही क्षणभर हात घालता, काही होत नाही. उकळत्या पाण्यात घालाल? एक लिटर हवा आणि एक लिटर पाणी घेतलं, तर दोघांचं तापमान एक अंशानं वाढवायला पाण्याला हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता लागते. म्हणजे पाण्याकडे देण्यासारखंही तेवढंच जास्त असतं. हवा हा फार गरीब सावकार आहे. तापमानाचा तोरा मोठा, गाठीला काही नाही. अंड्याला चिकटलेला हवेचा पातळ थर आपली उष्णता देऊन लगेच थंड होतो आणि पांघरुणासारखा तिथेच बसतो. पंखा तो थर सतत उडवून लावतो, नवी गरम हवा आणतो. म्हणून साध्या ओव्हनपेक्षा हे लवकर होतं. तरी पाण्याची बरोबरी नाही. वाफेची तर नाहीच नाही, कारण थंड टरफलावर वाफेचं पाणी होताना, एक ग्रॅम वाफेमागे सव्वादोन हजार ज्यूल उष्णता अंड्याला मिळते.

पाण्याची आणखी एक खुबी आहे, ती हवेत नाही. पाणी 100 च्या वर जात नाही. विसरलात तरी, पाणी आहे तोपर्यंत, अंड्याची बाहेरची बाजू 100 ओलांडत नाही. हवेला असं कुंपण नाही. तुम्ही 200 वर ठेवलंत तर टरफल बिनधास्त तापत जातं, त्यावर तपकिरी डाग पडतात, खालचं पांढरं चिवट होतं. आणि मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो तो लागतोच, कारण आतला प्रवास अंड्याच्या स्वतःच्या गतीनं होतो. बाहेर आच दुप्पट केली म्हणून आतली वाट निम्मी होत नाही.

इथेच आपल्याकडे बरीच अंडी वाया जातात. आपण व्हिडिओ बघून करतो, आणि व्हिडिओ असतो अमेरिकेतला. तिथली बाई सांगते, 270 अंश, 16 मिनिटं. ते 270 फॅरनहाइट! म्हणजे आपले 132 सेल्सिअस. इथल्या यंत्रावर बहुधा 200 च्या पुढे आकडाच नसतो, म्हणून माणूस म्हणतो, बरं, 200 तर 200. मग अंडी आत फुटतात, फुगलेलं पांढरं भोकातून खाली येतं आणि टोपली घासत बसावं लागतं. दुसरं म्हणजे, तिथलं ‘लार्ज’ अंडं साधारण 57 ग्रॅमचं आणि फ्रिजमधून काढलेलं, म्हणजे 4 अंशांचं. आपलं अंडं वाण्याकडच्या ट्रेमधलं, 50 ग्रॅमच्या आसपास, ओट्यावर पडलेलं, मे महिन्यात 30 अंशांचं. त्याला 26 अंशांची चढण कमीच आहे. त्याला तीनेक मिनिटं कमी पुरतात. आकाराचंही तसंच. पाण्यात 45 ग्रॅमच्या अंड्याला जेवढा वेळ लागतो, त्याच्यापेक्षा 60 ग्रॅमच्या अंड्याला सुमारे एक पंचमांश जास्त लागतो.

तर करायचं कसं? यंत्र 130 वर ठेवून तीन-चार मिनिटं रिकामं तापू द्या. अंडी टोपलीत एकाच थरात, एकमेकांपासून थोडी लांब ठेवा. हवेला फिरायला वाट पाहिजे. टोपली गच्च भरलीत तर मधली अंडी मागे पडणार. फ्रिजमधल्या अंड्याला 16 मिनिटं, बाहेरच्या अंड्याला 13. घंटी वाजली की चिमट्यानं काढून लगेच गार पाण्यात घाला, बर्फाचे चार तुकडे असतील तर उत्तम, नाहीतर माठातलं पाणी चालेल. दहा मिनिटं तिथे राहू द्या. आणि पहिल्या दिवशी एकच अंडं करा. ते मधोमध कापून बघा. पिवळं ओलसर दिसलं तर आपल्या यंत्राला दोन मिनिटं वाढवा, कडेला हिरवट दिसलं तर दोन कमी करा. प्रत्येक यंत्राचे 130 सारखे नसतात. माझ्या घरचं आणि माझ्या बहिणीचं यंत्र एकाच आकड्यावर वेगळं वागतं. एकदा जमलेला वेळ कागदावर लिहून यंत्राला चिकटवा.

हिरवट म्हणालो, त्याबद्दल थोडं. पिवळ्यात लोह असतं, पांढऱ्यात गंधक. फार वेळ आच लागली की पांढऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, आत सरकतो आणि पिवळ्याच्या सीमेवर लोहाशी मिळून आयर्न सल्फाइड होतं. तीच ती करडी-हिरवी कड. विषारी नाही, फेकू नका. पण तो वास तोच. गार पाणी यासाठीच. अंडं टोपलीत तसंच राहिलं तर आतली आच त्याला शिजवत राहते.

आता सोलणं. एअर फ्रायरमधलं अंडं केळ्यासारखं सोलून निघतं, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. अंडं नीट सोललं जाणं मुख्यतः दोन गोष्टींवर असतं. एक, अंड्याचं वय. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. दिवस जातात तसा तो टरफलाच्या हजारो छिद्रांतून निघून जातो आणि पांढऱ्याचा सामू साडेसातच्या आसपास असतो, तो नवाच्या वर चढतो. सामू कमी असताना पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतं. म्हणून गावाहून आणलेलं कालचं गावठी अंडं सोलताना खड्डे पडतात आणि वाण्याकडचं आठवड्याचं अंडं शहाण्यासारखं निघतं. दुसरी गोष्ट, सुरुवातीची आच. अंडं एकदम उकळत्या पाण्यात सोडलं की बाहेरचं पांढरं पटकन आवळतं, पापुद्र्याला चिकटायला त्याला फुरसत मिळत नाही. गार पाण्यात ठेवून सावकाश तापवलं की चिकटतं. आणि गरम हवेचं तापवणं, आत्ताच पाहिलं तसं, सावकाशच असतं. तेव्हा सोलण्याच्या शर्यतीत माझं मत उकळत्या पाण्याला. एअर फ्रायरमध्ये करायचीच तर चार-पाच दिवसांची अंडी घ्या, सगळीकडून टिचवा आणि बोथट टोकाकडून, वाहत्या पाण्याखाली सोला. तिथे हवेची पोकळी असते, बोट पापुद्र्याखाली लवकर जातं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. एअर फ्रायर आणि मायक्रोवेव्ह शेजारी शेजारी ठेवलेले असतात, दोन्हींना आकडे आणि घंटी. घोटाळा होऊ शकतो. मायक्रोवेव्हमध्ये अख्खं अंडं कधीही ठेवू नका. एअर फ्रायरमध्ये उष्णता बाहेरून आत जाते. मायक्रोवेव्ह अंड्याच्या आतल्या पाण्यालाच तापवतो. आत वाफेचा दाब साठतो, वाट नसते, आणि अंडं फुटतं. कधी आत, कधी बाहेर काढल्यावर, कधी दात लावताक्षणी. सोललेलं, आधी उकडलेलं अंडं नुसतं गरम करायला ठेवलं तरी हे होतं. तोंड भाजतं, डोळ्याला इजा होते. मुलांना आणि घरातल्या मोठ्यांना हे एकदा बजावून ठेवा.

मग त्या आजोबांना काय सांगायचं? यंत्र घरात आलेलंच आहे तर जरूर वापरा. वेळ संपला की ते आपोआप बंद होतं, ज्योत नाही, उकळतं पाणी उचलून ओतायचं नाही. त्यांच्यासाठी हा फायदा सोलण्याच्या कटकटीपेक्षा फार मोठा आहे. विजेचं म्हणाल तर 1400 वॉटचं यंत्र 16 मिनिटं अखंड चाललं असं धरलं, तरी 0.37 युनिट, प्रत्यक्षात ते मध्येमध्ये थांबतं, म्हणून त्याहून कमी. पण नुसत्या अंड्यांसाठी कुणी एअर फ्रायर घ्यायला निघालं असेल, तर मी त्यांना थांबवीन. विजेवरचं छोटं अंडी उकडायचं भांडं मिळतं, साधारण 350 वॉटचं. मापानं थोडं पाणी घालायचं, अंडी ठेवायची, झाकण लावायचं. वाफेवर अंडी होतात. पाणी संपलं की तळाची तबकडी 100 च्या वर जाते आणि त्याच क्षणी खटका पडून ते बंद होतं. विजेच्या राइस कुकरमध्ये हीच युक्ती आहे. म्हणजे जे पाणी आटल्यामुळे आजोबांचं पातेलं जळलं, तेच आटणं इथे राखणदार झालंय.

प्रश्न: सर, महाबळेश्वरला आमचं घर आहे. तिथे अंडी लवकर होत नाहीत, हा भास आहे का?

भास नाही. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. अंड्याला एखादं मिनिट जास्त द्या. लेहला तर 88 च्या आसपासच उकळतं. एअर फ्रायरला पाण्याच्या उत्कलनबिंदूचं बंधन नाही, 130 म्हणजे तिथेही 130. हवा थोडी विरळ, पण घरगुती कामात तो फरक जाणवण्याइतका नाही.

प्रश्न: अंडी आधी सुईनं टोचायची का?

तापल्यावर आतल्या पोकळीतली हवा फुगते, 30 अंशांवरून 100 वर जाताना जवळपास पाव पट. सावकाश तापलं तर ती छिद्रांतून निघून जाते. 130 वर टोचायची गरज मला पडलेली नाही. आणि हात थरथरत असेल तर सुई नकोच.

प्रश्न: आठवड्याची एकदम करून ठेवली तर?

टरफलासकट, कोरडी पुसून, फ्रिजमध्ये आठवडाभर चालतात. सोललेलं अंडं त्याच दिवशी संपवा. बाहेर मात्र दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, मे महिन्यात तासाभरापेक्षा जास्त नको. आणि टरफलावर पेन्सिलीनं तारीख घाला, कारण कच्चं कुठलं आणि झालेलं कुठलं हे चार दिवसांनी कुणालाच आठवत नाही. आठवलं नाहीच तर ओट्यावर गरकन फिरवा. झालेलं अंडं भोवऱ्यासारखं फिरतं, कच्चं डुगडुगतं.