कोपऱ्याआडच्या वस्तूंचे प्रतिमांकन व प्रकाशवहनाचे सदृशीकरण

ठाणे पूर्वेतील कोपरीसारख्या दाट वस्तीत वळणाआडचे वाहन दिसत नाही. तथापि त्यावरून परावर्तित झालेला क्षीण प्रकाश समोरच्या भिंतीवर पोहोचतच असतो. मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांच्या एमआयटीतील गटाने २०१२ मध्ये प्रयोगशाळेत अशा प्रकाशावरून दृष्टीआडच्या वस्तूचा त्रिमितीय आकार मिळविला. लेसरचा स्पंद भिंत, वस्तू व पुन्हा भिंत असा प्रवास करतो. पिकोसेकंदात प्रकाश सुमारे ०.३ मिलिमीटर अंतर कापत असल्याने आगमनकाळावरून मार्गाची लांबी कळते. प्रत्येक लांबीस एक विवृत्ताभ पृष्ठ अनुरूप असते. अशी अनेक पृष्ठे जेथे छेदतात, तेथे वस्तू असते. सदृशीकरणात वस्तू आधीच ज्ञात असल्याने पुनर्रचनेतील त्रुटी मोजता येते. मात्र मापनातील गोंगाट व बहुपरावर्तन त्यात वगळल्यास मिळणारे यश फसवे ठरते.