आधी प्रश्न, मग पक्षी

हिवाळ्यात चापडगावच्या बाजूनं नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्याकडं पाहिलं, तर आधी नुसते ठिपके दिसतात. गावातलाच गाइड स्टँडवरची दुर्बीण एका ठिपक्यावर लावतो. ‘पट्टकादंब राजहंस’ एवढं सांगून तो मोकळा होऊ शकतो. आपणही वहीत टिपून पुढं सरकू. पण मुरलेला गाइड नाव राखून ठेवतो. म्हणतो, “डोक्यावर काळे पट्टे किती, मोजा बरं.”

आणि गंमत पाहा! ठिपक्याला मान फुटते, डोकं फुटतं, दोन पट्टे सापडतात. पक्षी तोच, दुर्बीण तीच. मग बदललं काय? डोळ्याला काम मिळालं.

आता पुढचा प्रश्न: हा आला कुठून? पार तिबेट-मंगोलियातल्या तळ्यांवरून. आणि वाटेत हिमालय! ७००० मीटरच्याही वर या राजहंसांची नोंद झाली आहे. आपली कळसूबाई १६४६ मीटर. चार कळसूबाई एकावर एक रचल्या तरी हा त्यांच्या वरून जाईल. तिथल्या विरळ हवेत माणूस चार पावलांत धापा टाकतो, हा पंख मारत राहतो. कसा? त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन तसल्या हवेतूनही ऑक्सिजन पकडतं.

खरी कमाल तर पुढंच आहे. इतक्या कष्टानं गाठलेली उंची तो सोडून देतो! संशोधकांनी राजहंसांना उपकरणं बसवून पाहिलं: डोंगर आला की चढायचं, दरी आली की उतरायचं, पुन्हा चढायचं. उगाच दुप्पट मेहनत? मुळीच नाही. खाली हवा दाट, तिथं उडायला ताकद इतकी कमी लागते की पुन्हा चढण्याचा खर्च भरून निघतो. गाइडनं हे हात वरखाली नेत सांगावं, आणि आपण पुन्हा दुर्बिणीला डोळा लावावा. आता तो पक्षी निराळाच दिसतो.

अमेरिकेतल्या फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ साली गाइडच्या याच कलेवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की गाइडचं मुख्य काम शिकवण्याचं नाही, कुतूहल चाळवण्याचं आहे. मला ते शंभर टक्के पटतं.

कधी कधी तर गप्प राहण्यातच कसब असतं. मासेखाऊ शिकारी पक्षी ऑस्प्रे पाण्यावर झेपावला की, “माशाचं तोंड बघा,” एवढंच पुरे. पायाचं बाहेरचं बोट मागं वळवून, तळव्याच्या काट्यांनी निसरडा मासा घट्ट धरून तो वर येतो आणि उडता उडता मासा फिरवून घेतो: तोंड पुढं, शेपूट मागं. वाऱ्याचा अडसर कमी!

माझी सगळ्यांत आवडती गोष्ट मात्र पाण्याखालची. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळचा नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजांच्या काळात शेतीला पाणी देण्यासाठी बांधला गेला. पूर येत राहिले, गाळ साचत राहिला. पाणी साठवणाऱ्याला गाळ म्हणजे निव्वळ तोटा. पण त्याच गाळानं पाणी उथळ केलं, बेटं घडवली, पाणवनस्पती रुजवल्या. लांब पायांच्या पक्ष्यांना चालायला आणि बदकांना चरायला जागा झाली. २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली, तेही बंधाऱ्याला नकोशा असलेल्या चिखलाच्या जोरावर!