रीफ टँकचे वीजबिल : पाण्यात सोडलेला वॅट दोनदा पैसे खातो

शोभेच्या माशांच्या धंद्यातील व्यापाऱ्यांना एक अनुभव नवीन नाही. एखादे गिऱ्हाईक मोठ्या हौसेने दिवाणखान्यात समुद्राच्या पाण्याचा टँक बसवून घेते. काच, स्टँड, पंप, दिवे, चिलर, मीठ असा भरपूर माल जातो, शिवाय दरमहा देखभालीचे काम मिळते. मग एप्रिल-मेचे वीजबिल घरात येते आणि जूनमध्ये दुकानात फोन येतो की टँक काढून न्या. दुकानदाराला वाटते, विक्री तर झाली. पण या धंद्यात खरी कमाई एकदाच्या विक्रीत नसते. ती दरमहाचे मीठ, खाद्य, पाणी बदलणे आणि दुरुस्ती यांत असते. बंद पडलेला टँक म्हणजे तुटलेले गिऱ्हाईक, आणि ते चार शेजाऱ्यांनाही सांगते की या भानगडीत पडू नका.

म्हणून विजेचा खर्च हा गिऱ्हाइकाचा प्रश्न आहे असे समजून सोडून देणे परवडणारे नाही. कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केट येथील दुकानदार, काच जोडणारे कारागीर, स्टँड बनविणारे सुतार आणि वायरमन यांना मनावर घेतले तर हा खर्च निम्म्याच्याही खाली आणता येतो.

गोड्या पाण्यातील गप्पीचा टँक एका फिल्टरवर आणि एका ट्यूबवर चालतो. रीफ टँकचे तसे नाही. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. त्या शेवाळाला कडक उजेड लागतो. पाणी रात्रंदिवस हलते ठेवावे लागते आणि त्याचे तापमान साधारण २५ ते २७ अंशांच्या दरम्यान राखावे लागते. सवयीच्या उष्म्यापेक्षा पाणी एक-दोन अंशांनी अधिक तापून तसेच राहिले की शेवाळ निघून जाते व प्रवाळ पांढरे पडते. मुंबईत मे महिन्यात घरातील हवाच ३२-३३ अंश असते. खर्चाचे मूळ येथे आहे.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली सर्व दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे घालण्यात आले. आपल्या समुद्रातून काढलेला प्रवाळाचा तुकडा विकणे किंवा ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या दगडी प्रवाळालाही आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे कागद लागतात. ज्या मालाचे कागद नाहीत तो कितीही स्वस्त मिळाला तरी गाळ्यात घेऊ नये. टँक सजविण्यासाठी सिरॅमिकचे आणि सिमेंटचे खडक मिळतात, आणि क्लाउन फिशसारखे मासे आता हॅचरीत पैदा होतात.

आता बिलाकडे वळू. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्यांनी वाढतात. १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पा बदलतो आणि वरच्या टप्प्यातील युनिट खालच्यापेक्षा कितीतरी महाग पडते. घरातील पंखे, फ्रिज, टीव्ही यांचे दोनशे युनिट तर असतातच. टँकचे युनिट त्यांच्या डोक्यावर बसतात, म्हणजे ते महागड्या टप्प्यात मोजले जातात. गिऱ्हाइकाला हिशेब सांगताना बिलाची सरासरी धरणे चूक आहे, शेवटच्या टप्प्याचा दर धरावा. हाच नियम उलट बाजूने फायद्याचा आहे. वाचलेले प्रत्येक युनिट आधी सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होते.

सर्वसाधारण समजूत अशी की बिल दिव्यांमुळे येते. दिवे खातात हे खरे, पण दिवा नऊ तास जळतो आणि पंप चोवीस तास चालतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॅट ओढतो ते जवळजवळ सगळे शेवटी उष्णता होऊन पाण्यातच राहतात. ८० वॅटचा पंप म्हणजे टँकमध्ये चोवीस तास चालू असलेला ८० वॅटचा हीटर. ती उष्णता बाहेर काढायला चिलर आणखी तीस-चाळीस वॅट घेतो. म्हणजे उन्हाळ्यात त्या पंपाची खरी किंमत ११०-१२० वॅट झाली. एकाच वॅटचे पैसे दोनदा गेले. यासाठी बचतीची सुरुवात चिलरपासून नव्हे तर पंपापासून करावी. पाण्यात उष्णताच कमी सोडली तर चिलर आपोआप कमी चालतो.

चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशा टँकमध्ये सुमारे २४० लिटर पाणी मावते. खालच्या संपमधून पाणी वर चढविणारा रिटर्न पंप ताशी टँकच्या तीन ते पाच पट पाणी देत असला की पुरे, म्हणजे या टँकला ताशी हजार लिटर. प्रत्यक्षात काय होते? “मोठा असलेला बरा” म्हणून तीन-चार हजार लिटरचा पंप दिला जातो, पाणी जास्त येते म्हणून मग व्हॉल्व्ह अर्धा बंद केला जातो. ही तर गाडीचा ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर देण्याची रीत झाली. पंप वीज ओढतच राहतो, पाणी मात्र अडते. व्हॉल्व्हने पाणी अडविण्यापेक्षा पंपाचा वेग कमी करावा. फिरणाऱ्या पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मे होते, पण वीज गणिताप्रमाणे आठव्या भागावर येते. टँकला पाणी चढवायचे असल्याने एवढा फायदा हाती लागत नाही, तरी जो लागतो तो थोडा नसतो. वेग बदलता येणारे डीसी पंप याच कामाचे. ते महाग आहेत, पण जुन्या एसी पंपाच्या तुलनेत तेवढेच पाणी बऱ्याच कमी विजेत देतात.

पंप बदलणे शक्य नसेल तर प्लंबिंग पाहावे. अर्ध्या इंचाचा पाइप आणि चार काटकोनी एल्बो यांतून पाणी ढकलायला पंपाला फुकटचे कष्ट पडतात. एक इंचाचा पाइप आणि लांब वळणाचे बेंड वापरल्यास लहान पंप भागतो. हा खर्च काही शे रुपयांचा असतो आणि एकदाच होतो.

प्रवाळाभोवती पाणी खेळते ठेवण्याचे काम रिटर्न पंपाकडून घेऊच नये, ते वेव्हमेकरचे काम. वेव्हमेकरला पाणी वर चढवायचे नसते, केवळ हलवायचे असते, म्हणून सात-आठ वॅटमध्ये तो ताशी हजारो लिटर पाणी ढवळतो.

दिव्यांच्या बाबतीत एका पिढीत मोठा फरक पडला आहे. १९९० च्या दशकात रीफ टँक म्हटला की मेटल हॅलाइड दिवा, त्याचा जड चोक आणि सोबत निळ्या ट्यूब असे समीकरण होते. त्या दिव्याची उष्णता सरळ पाण्यावर पडत असे. निळा एलईडी तयार करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रवाळाला निळा उजेडच अधिक मानवतो, त्यामुळे या शोधाचा रीफ टँकला मोठा उपयोग झाला. एलईडीची उष्णता बहुतांशी पाठीमागच्या पट्ट्यांतून वर जाते, पाण्यात कमी उतरते. मात्र बाजारातील स्वस्त मालाच्या डब्यावर छापलेले वॅट आणि प्रत्यक्ष ओढ यांत फरक असतो, माल घेताना मोजून घ्यावा. दिवे दुपारच्या उन्हात न लावता दुपारी तीनपासून रात्री अकरा-बारापर्यंत लावावेत. खोली सर्वांत तापलेली असताना दिव्याची भर पडत नाही, आणि घरातील माणसे टँक पाहतात तीही संध्याकाळीच.

चिलरला बहुतेक ठिकाणी स्टँडच्या कपाटात कोंडलेले असते. तो पाण्यातील उष्णता काढून त्याच कपाटात सोडतो, तीच गरम हवा परत ओढतो आणि शेजारच्या संपलाही तापवितो. असा चिलर दिवसभर थांबत नाही आणि लवकर मरतोही. त्याला गॅलरीत सावलीत ठेवावे, पाइपवर फोमचे आवरण घालावे आणि जाळीवरील धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढावी. जागा नसेल तर सुताराने कपाटाची पाठ उघडी ठेवावी. टँकच्या मागच्या आणि बाजूच्या काचेला बाहेरून, तसेच तळाखाली थर्माकोल लावल्यास बाहेरची उष्णता कमी शिरते. पश्चिमेच्या भिंतीला टँक लावू नये हे तर बसविण्याच्या दिवशीच सांगावे.

चिलरचा आकडा २४ वर ठेवण्याची सवयही महाग पडते. खोली ३२ अंशांवर असेल तर २४ अंशांच्या पाण्याशी आठ अंशांचा फरक राहतो, साडेसव्वीसच्या पाण्याशी साडेपाचचा. काचेतून आत येणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती सुमारे तीस टक्क्यांनी घटली. हा बदल एकदम करू नये, आठवड्यात हळूहळू करावा.

पुणे, नाशिक, नागपूरकडच्या कोरड्या हवेत पाण्यावर दोन छोटे पंखे लावले की दोन-तीन अंश सहज उतरतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे पाऊण युनिटाच्या जवळपास उष्णता बाहेर जाते आणि पंखे खातात फक्त चार-पाच वॅट. उडालेले पाणी आरओच्या गोड्या पाण्याने भरावे. मीठ उडत नाही, त्यामुळे खारे पाणी ओतल्यास खारटपणा वाढत जातो. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय अर्धाच चालतो, पावसाळ्यात जवळजवळ नाहीच. खोलीत एसी चालू असेल तर वाफेचा भार एसीवर पडतो, तेथे पंख्यांचा उपयोग नाही.

वरील चार फुटी टँकचा उन्हाळ्यातील नमुन्याचा हिशेब असा मांडता येतो. जुन्या सामानात मेटल हॅलाइड आणि ट्यूब मिळून ४५० वॅट नऊ तास, म्हणजे रोजचे ४ युनिट. रिटर्न पंप ८० वॅट, दोन जुने पॉवरहेड ४० आणि स्किमर ३० मिळून १५० वॅट चोवीस तास, म्हणजे ३.६ युनिट. पाव हॉर्सपॉवरचा चिलर ३०० वॅटने बारा तास चालला तर आणखी ३.६. रोजचे सव्वाअकरा आणि महिन्याचे सुमारे ३३७ युनिट झाले. नव्या सामानात १४० वॅटचा एलईडी, ३० वॅटचा डीसी पंप, १६ वॅटचे दोन वेव्हमेकर, १२ वॅटचा स्किमर, आणि उष्णता कमी झाल्याने पाच तास चालणारा चिलर. रोजचे सव्वाचारच्या आत, महिन्याचे सुमारे १२५ युनिट. दोनशे युनिट वापरणारे घर ५३७ वरून ३२५ वर आले. युनिटला बारा रुपये धरले तरी महिन्याला अडीच हजार रुपयांची बचत. बदलाला तीस हजार लागले तर ते वर्षभरात निघतात. एवढी रक्कम एकदम नसेल त्याने आधी रिटर्न पंप, मग दिवा बदलावा.

हा हिशेब कागदावर न ठेवता गिऱ्हाइकाच्या घरी मोजून दाखवावा. प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर घ्यावा. क्लॅम्प मीटरने अँपिअर पाहून २३० ने गुणणारे वायरमन लहान एसी पंपांच्या बाबतीत फसतात, कारण पॉवर फॅक्टर कमी असल्याने आकडा फुगतो आणि घरगुती मीटर तो फुगलेला आकडा मोजत नाही.

दुकानदारांनी स्वतःच्या गाळ्याकडेही पाहावे. दुकानाला व्यापारी दर लागतो. दहा छोट्या टँकांना दहा फिल्टर, दहा एअरपंप लावण्याऐवजी सर्वांना एक संप, एक पंप, एक चिलर आणि हवेसाठी एक ब्लोअर असे केले तर बिलही घटते आणि साफसफाईही. अडचण एकच, एका टँकमधील रोग सर्वांत पसरतो, म्हणून नवा माल पंधरा दिवस ठेवायला दोन टँक वेगळे हवेत.

डीसी सामानाचा आणखी एक उपयोग वीज गेल्यावर कळतो. आठ वॅटचा वेव्हमेकर १२ व्होल्टवर चालणारा असेल तर ७ अँपिअर-अवरच्या छोट्या बॅटरीवर सात-आठ तास पाणी हलते ठेवतो. रात्री दोन वाजता वीज गेली तर मासे प्राणवायूअभावी मरत नाहीत. जुन्या ८० वॅटच्या पंपाला त्याच बॅटरीने तासभरही साथ दिली नसती.